भिंतीकडे तोंड केलेला संत

फिलूने, माझ्या बायकोने, माझ्या डोळ्यात शेवटचे थेंब घातले तेव्हा आमचं भांडण चालू होतं. मी म्हणत होतो, त्या संताला सरळ कर. ती म्हणत होती, "हलू नका हो! थेंब नाकात जाईल."

संत म्हणजे क्लेमेंट. रोमचा अगदी सुरुवातीचा पोप. राजाने त्याला जहाजाचा नांगर बांधून समुद्रात बुडवला, असं सांगतात. वसईहून येताना फिलूने त्याचा वीतभर पुतळा साड्यांत गुंडाळून आणला आणि दुबईत अल कुसैसच्या घरात शोकेसवर ठेवला. मी शारजाला, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर खलाशी. मी पाण्यावर गेलो की ही त्याचं तोंड भिंतीकडे करायची. "माणूस घरी आण, मग तोंड दाखव." मी दारात चपला काढल्या की आधी त्याला वळवायची, मग मला चहा.

एकदा फादर घरी आले. पोपची पाठ बघून शोकेसजवळच थांबले. फिलू म्हणाली, "शिक्षा नाही फादर. ड्युटीवर आहे तो."

मी चिडवायचो, "अगं, ज्याला स्वतःला बुडवला, तो मला काय तारणार?"

"बुडालाय म्हणूनच त्याला पाणी कळतं. तुम्ही कधी बुडालात?"

बोट सुटली, म्हातारा झालो, तरी हिचं चालूच. दात काढायला गेलो, संत भिंतीकडे. लिफ्टमध्ये अडकलो, तेच. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन.

"जिना चढताना तुला दम लागतो, त्यासाठी लाव की त्याला कामाला एकदा."

"मला काय धाड भरलीय? पोपला एका वेळी एकच काम सांगावं."

तिने डोळ्यावर पट्टी पुन्हा चिकटवली. दुपारी म्हणाली, जरा पडते. चहाच्या वेळेला मी हाक मारली. उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा तिला वसईला न्यायच्या कागदांसाठी पळत होता. सुनेने माझी पट्टी काढली. सगळं लख्ख दिसलं. संताचं काम झालं होतं, म्हणून मी त्याला वळवलं.

त्याला नाकच नव्हतं. इतकी वर्षं भिंतीला घासून पार सपाट. माझ्या अधू डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं.

"बाबा, पुसून ठेवू का?" सून म्हणाली.

"थांब." मी त्याला पुन्हा भिंतीकडे केलं. म्हटलं, "ती नीट पोचू दे घरी. विमान समुद्रावरूनच जातं. तोवर इकडे बघायचं नाही."