जळणारं, संपणारं आणि भांडी

सामानाचा ट्रक दाराशी येऊन लागला तेव्हा काकूंचा राग नेहमीच्या जागी, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर होता. डोक्यात जायला अजून अवकाश होता. दुपारपर्यंत घर रिकामं करून नव्या भाडेकरूंच्या हाती किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि दिलेला शब्द मोडणं काकूंच्या रक्तात नव्हतं.

राग होता तो काकांवर. काका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कारखान्यातून निवृत्त झाले, सुरक्षेतून मात्र झाले नाहीत. घर बदलायचं ठरलं तसा त्यांच्या अंगात जुना गणवेश पुन्हा शिरला. चटकन पेट घेईल असं जे जे दिसेल ते त्यांनी घराबाहेर काढलं. काडेपेट्या गेल्या, अत्तर गेलं, नेलपॉलिशही गेलं. मग त्यांनी काकूंची टर्पेंटाइनची बाटली मागितली. आपल्या वडिलांच्या आरामखुर्चीला काकू दरवर्षी स्वतःच्या हातानं पॉलिश करत, त्यासाठीची ती बाटली. ती शेजारी देऊन टाकली, असं काकूंनी तोंड फिरवून सांगितलं. काकांनी आपल्या बायकोवर विश्वास ठेवला.

मुकादम वर आला आणि खोक्यांसमोर थबकला. प्रत्येक खोक्यावर पिवळी चिठ्ठी होती आणि तिच्यावर ठळक इंग्रजी अक्षरं. आदल्या दिवशी काकू बाजारात गेल्या होत्या, तेवढ्यात काकांनी हे काम उरकलं होतं. मुकादमानं एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"कम्बस्टिबल. म्हणजे जळणारं ना, काका? जळणारं सामान ट्रकात चढवायचं नाही, आमच्या कंपनीचा नियमच आहे."

इतक्या वर्षांत काकांना कुणी आपणहून असा प्रश्न विचारला नव्हता. ते खुलले. फ्लॅमेबल म्हणजे ठिणगी पडताच पेटणारं. तसलं या घरात औषधालाही उरलेलं नाही. हे सगळं नुसतं कम्बस्टिबल, चांगलं तापवलं तरच जळणारं. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही, हीच तर खरी अडचण आहे.

"पण जळतं ना?"

"जळतं की."

"मग नाही चढणार."

पुस्तकं, कपडे, गाद्या, पडदे, लाकडी कपाट, सगळं त्यात आलं. किराणा, तेल, साबण यांच्यावर कन्झ्युमेबल लिहिलेलं होतं, म्हणजे वापरून संपणारं. कंपनीला खाण्यापिण्याचं आणि सांडणारंही चालत नव्हतं. एका खोक्यावर होतं डिस्पोजेबल, म्हणजे वापरून टाकायचं. ते एका हमालानं हुशारी दाखवून थेट कचराकुंडीत नेऊन टाकलं. त्यात कागदी पेले होते आणि काकूंची लाडकी उशी होती.

काकू कंबरेवर हात ठेवून काकांसमोर उभ्या राहिल्या. "अहो, जळत नाही आणि संपतही नाही, असं जगात असतं तरी काय?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "भांडी," ते म्हणाले.

भांडी चढली. एवढ्या मोठ्या ट्रकात ती एका कोपऱ्यात दबकून बसली. इतक्यात नवे भाडेकरू आले. त्यांचं वॉशिंग मशीन जिन्याच्या मधोमध अडकलं आणि मशीनमागे सगळं कुटुंब. वरून काही खाली जाईना, खालून काही वर येईना. काकू चिठ्ठ्या ओरबाडू लागल्या. पण गोंद कारखान्यातला होता, चिठ्ठीबरोबर खोक्याची सालटी निघू लागली. मुकादम म्हणाला की फाडून उपयोग नाही, त्यानं वाचलेलं आहे, वाटेत काही झालं तर त्याची नोकरी जाईल. आणि काका म्हणाले, "बरोबर बोलतायत ते."

तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे. काकूंनी जाड पेन उचललं, पहिलं खोकं उलटं केलं आणि त्याच्या बुडावर लिहिलं: भांडी. मग दुसरं उलटं केलं, मग तिसरं. गादीच्या गुंडाळीलाही त्यांनी सोडलं नाही.

"काकू, ही गादी आहे," मुकादम हळूच म्हणाला.

"काय लिहिलंय ते वाचा."

मुकादमानं काकूंच्या डोळ्यांत पाहिलं. ट्रकात जे पेटेल ते पुढचं पुढे, इथे तर समोर पेटलेलंच होतं. "भांडी," तो म्हणाला, आणि जिन्यातलं मशीन सोडवून ही भांडी उतरवायला हमालांना हाक मारली.

नव्या घरी पोचेपर्यंत काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. उंटावरचा शहाणा, हे त्यातलं सगळ्यात मवाळ विशेषण. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी मुकादमासमोर काकांकडून काढून घेतल्या. पुन्हा या घरात जळतं-संपतं हा शब्द काढायचा नाही, असं वदवूनही घेतलं. काकांनी मान हलवली आणि निमूटपणे खोकी उघडायला बसले. घरभर नुसती भांडी मांडलेली. त्यांतल्या कुठल्या भांड्यांत टॉवेल आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

चौथं खोकं उघडताच काकांचे हात थांबले. आत त्यांचा कारखान्यातला गणवेश होता, नीट घडी केलेला आणि ओलाचिंब. घडीत टर्पेंटाइनची बाटली होती, झाकण सैल झालेली. या घडीला काका कौतुकानं हात लावतील, पण ती उलगडणार नाहीत, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी बाटली तिथे लपवली होती. खोकं उलटं करून बुडावर भांडी लिहिताना मात्र ती आठवली नव्हती.

काकूंच्या तोंडाचा पट्टा तुटला.

मुकादम कपाट ठेवून आत आला आणि नाक वर करून हुंगू लागला. त्याचा चेहरा उतरला. "काका, कसला वास हा? आमच्या ट्रकातून आलंय का हे?"

काकांनी शांतपणे बाटलीचं झाकण घट्ट केलं, ती गणवेशाखाली सरकवली, खिडकी सताड उघडली आणि मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर चुकवली.

"भांड्यांचा आहे," काका म्हणाले. "लिहिलंय ना खोक्यावर."

ते एवढंच बोलले, आणि काकूंना दिवसभरातला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.