कादंबरी प्रतिसाद देत नाही

जगातली बहुतेक थोर कामं अपुरी राहिल्यामुळेच थोर राहिली आहेत. पुऱ्या झालेल्या कामात चुका सापडतात, अपुऱ्या कामात फक्त शक्यता सापडतात. हे सत्य आमच्या कादंबरीकाराला फार लवकर उमगलं होतं.

कादंबरीकार हे त्याला घरात पडलेलं नाव. (कादंबरी नसताना हे नाव मिळवणं अवघड असतं. ती असल्यावर कुणीही मिळवतो.) त्याआधी तो विम्याच्या कचेरीत होता आणि तिथे फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवण्याचं काम निष्ठेनं करत होता. मग एके दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं, "मी नोकरी सोडतोय. आता लिहिणार." बायको इस्पितळात परिचारिका. माणसं काहीही बोलतात आणि त्यातली बरीच बरी होतात, हे तिला अनुभवाने माहीत होतं. ती म्हणाली, "लिहा."

घराने मग जे केलं ते कुठल्याही सरकारने साहित्यासाठी केलेलं नाही. झोपायच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा त्याला मिळाला, नवा संगणक मिळाला, पाठीला टेकण असलेली खुर्ची मिळाली. लेखनाच्या वेळेत मिक्सर लावायला बंदी झाली. कुकरलाही शिट्ट्या कमी करायला सांगण्यात आलं. (कुकरने ऐकलं नाही.) त्याच्या सासूबाई टीव्हीवरच्या मालिका आवाज बंद करून बघू लागल्या आणि पात्रांची तोंडं बघून गोष्ट मनानेच जुळवू लागल्या. तसं पाहिलं तर त्या काळात घरात जी काही कथानिर्मिती झाली, ती त्यांच्याकडूनच झाली.

"कुठवर आली?" असं कुणी विचारलं, की कादंबरीकार डोळे बारीक करून म्हणायचा, "आकार घेतेय." हे उत्तर शेजाऱ्यांना पुरलं, नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला पुरलं, आणि इस्पितळातल्या सगळ्या वॉर्डांना बायकोमार्फत पुरलं.

असं सुखात चाललं असताना धाकट्या मेहुण्याने घात केला. त्याच्या ओळखीचा एक प्रकाशक निघाला. "जेवढी झालीय तेवढी द्या म्हणतोय, भावोजी! रविवारी येतो आणि पेन ड्राइव्हवर घेऊन जातो."

रविवार आला. सकाळी उठून कादंबरीकार संगणकासमोर बसला, तो खरोखर लिहायच्या इराद्याने. आधी हात मोकळा व्हावा म्हणून पत्त्यांचा एक डाव उघडला. मग शब्दकोश उघडला. मग पाठीच्या दुखण्यावरचे व्यायाम, जुन्या घड्याळांचे भाव, आणि थोर लेखक सकाळी किती वाजता उठत, असं एकेक उघडत गेला. शेवटी कादंबरीवर येऊन त्याने एक अक्षर दाबलं. पडदा दुधासारखा पांढरट झाला, कर्सरच्या जागी एक गोल चकरी फिरू लागली, आणि वर अक्षरं उमटली: प्रोग्राम प्रतिसाद देत नाही.

अशा वेळी काय करावं याचे नियम ठरलेले आहेत. माणूस आधी माउस दाबतो, मग जोरात दाबतो, मग माउस उचलून त्याच्या पोटाकडे बघतो. एका पाहणीनुसार बहुसंख्य लोक चौथ्या टप्प्यात संगणकाशी गोड बोलू लागतात. (पाहणी एकाच घरात झाली, पण घर प्रातिनिधिक होतं.) कादंबरीकार चौथ्या टप्प्यात असतानाच मेहुणा आला, आणि त्याच्यामागून सगळं घर खोलीत जमलं.

"हँग झालाय," मेहुणा म्हणाला. "सक्तीने बंद करावा लागेल. एंड टास्क मारतो. शेवटचं सेव्ह कधी केलं होतं?"

"सेव्ह?" कादंबरीकार म्हणाला.

"म्हणजे एकदाही नाही?"

"मी फाइल बंदच करत नाही. बंद केली की धागा तुटतो."

हे खरं होतं. म्हणून तर संगणकाचं बटण बंद करायला घरात कुणालाही परवानगी नव्हती.

"मग बंद केलं तर सगळं जाईल," मेहुणा हळू आवाजात म्हणाला.

त्याच क्षणी कादंबरीकाराच्या काळजात काहीतरी लख्ख उजळलं. सगळं जाईल! आगीत गेलेली, पुरात वाहून गेलेली हस्तलिखितं त्याला आठवली. त्यांना कुणी कधी नावं ठेवल्याचं आठवेना. चेहरा शक्य तितका उतरवून तो म्हणाला, "इलाज नाही. कर बंद."

पण बायको आडवी आली. "हात लावू नकोस रे! आमच्या इस्पितळात उत्तर देत नाही म्हणून कुणाला लगेच टाकून देत नाहीत. थांबू आपण."

"थांबाच," सासूबाई म्हणाल्या. "विचार करत असेल बिचारा. जावई नाही का दिवसभर तसेच बसत?"

बायकोने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. सुट्टीचा तिचा एकच दिवस. तो तिने त्या चकरीला दिला. जेवणाची ताटं तिथेच आली. अधूनमधून ती संगणकाच्या डब्यावर हात ठेवून बघायची, ताप आहे का ते बघावं तशी. दुपार कलली. कादंबरीकार ताटातला भात नुसता चिवडत राहिला. आपली बायको आपल्यासाठी नव्हे, तर आपण लिहिलेल्या पानांसाठी जागता पहारा देतेय, आणि ती पानं म्हणजे... इथे तो विचार करायचा थांबायचा.

तेवढ्यात तिने कागद-पेन घेतलं. "अहो, आठवतंय तेवढं सांगा मला. मी उतरवून घेते. गेलंच तर निदान गोष्ट तरी राहील. सांगा, सुरुवातीला काय होतं?"

सासूबाई पदर सावरून ऐकायला बसल्या.

"नको!" कादंबरीकार ताडकन उठला. "माझ्या कादंबरीसाठी हे घर असं अडून राहायला नको. साहित्यापेक्षा माणसं मोठी. कर बंद!"

बायकोचे डोळे भरून आले. मेहुण्याने खाली मान घालून बटण दाबलं. चकरी थांबली, पांढरं धुकं विरलं, पडदा रिकामा झाला. कादंबरीकाराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. (बोटांत थोडी फट ठेवून.) बायकोचा हात त्याच्या खांद्यावर आला. त्या घटकेला ज्याच्या कादंबरीत एकही दोष दाखवता येणार नाही असा लेखक पृथ्वीतलावर तो एकटाच होता.

आणि मेहुण्याने, कुणी सांगितलं नसताना, प्रोग्राम पुन्हा उघडला.

"वाचली!" तो ओरडला. "भावोजी, वाचली! याने आपलं आपण सगळं जपून ठेवलंय!"

पडद्यावर कादंबरी उघडली. वर ठळक अक्षरांत 'प्रकरण पहिले'. त्याखाली, 'पहाट झाली होती.' त्याखाली, 'पहाट होत होती.' आणि त्याखाली, 'पहाट व्हायला अजून अवकाश होता.' एवढ्या दिवसांत कादंबरी पुढे न जाता आदल्या रात्रीकडे निघाली होती.

मेहुणा माउसचं चाक फिरवत खाली गेला. पांढरं पान. आणखी खाली. पांढरंच. "बाकीचं येत असेल अजून," तो चांगुलपणाने म्हणाला.

बायकोने चष्मा लावला, वाकली, आणि ओठ हलवत वरपासून खालपर्यंत गेली. मग तीही म्हणाली, "वाचली." शब्द तोच होता, पण आता त्याला दुसरा अर्थ होता.

"अगं, म्हणजे, मी..." कादंबरीकार म्हणाला.

"तिसरं वाक्य बरं आहे," ती म्हणाली. "आधीची दोन काढा."

रागाने म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती तशी म्हणाली नाही. सगळे गेल्यावर तो पुन्हा खुर्चीत बसला. लाज वाटत होती, पण नवल म्हणजे, हलकंही वाटत होतं. त्याचं लिखाण आजवर कुणी वाचलंच नव्हतं. आज वाचलं होतं. त्याने दोन वाक्यं काढली आणि एक नवं लिहिलं. ते वाईट होतं. त्याने ते सेव्ह केलं.

वाचकहो, कादंबरीकाराला आपण हसलात, ते योग्यच केलंत. आता जरा स्वतःकडे बघा. गेली काही मिनिटं आपण एकाच जागी, नजर खिळवून, न हलता बसला आहात. आतून दोनदा हाक आली. दोन्ही वेळा आपण "हं, आलोच" म्हणालात आणि जागचे हलला नाहीत. आता दाराशी कुणीतरी येऊन उभं आहे, आणि आपलं उत्तर येईपर्यंत थांबावं की सक्तीने बंद करावं, याचा विचार करतंय.