मरत्या माणसाचा शब्द

चांद्या बैलाला पाणी पाजायचं म्हणून निवृत्तीने विहिरीत पोहरा सोडला. पोहरा वर आला तेव्हा त्यात पाणी थोडं आणि चिखल फार होता. देवणीकडच्या त्या गावाला दुष्काळ नवा नव्हता, पण स्वतःच्या विहिरीचा तळ असा पोहऱ्यात बसून भेटायला येईल असं निवृत्तीला वाटलं नव्हतं. तो बघत राहिला आणि बघता बघता त्याची छाती धडधडायला लागली. तळहात घामेजले, बोटांना मुंग्या आल्या, श्वास घशातच अडकू लागला. समोरचा लिंब, गोठा, चांद्या, सगळं कुणीतरी उचलून लांब नेऊन ठेवल्यासारखं दिसायला लागलं. भीतीने काळजाचं पाणी होतं म्हणतात. त्या साली गावात पाणी झालं ते तेवढंच.

कसाबसा ओसरीवर येऊन तो आडवा झाला आणि बायकोला म्हणाला, "धुरपते, म्या मरायलो."

धुरपताबाईने आरडाओरडा केला नाही. तिने शेजारच्या साखराबाईला हाक मारली. साखराबाई म्हणजे गावातल्या मरणांची पुढारीण. तुळशीपत्र कधी ठेवायचं, रडायला कधी सुरुवात करायची, हे तिला विचारल्याशिवाय गावात कुणी मरत नसे. ती तुळशीपत्र घेऊनच आली, निवृत्तीच्या थंडगार हाताला हात लावला आणि काही इच्छा राहिली असेल तर लवकर बोल, असं तिने त्याला बजावलं. अंगण माणसांनी भरलं.

एवढ्यात गर्दीतून त्याचा धाकटा भाऊ केरबा आला. वाटणी झाल्यापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. घराचे दोन भाग झाले, मधल्या दाराला कडी लागली, आणि हे सगळं चांद्यापायी. चांद्या देवणी जातीचा, काळापांढरा, रस्त्याने चालला तर माणसं विडी विझेपर्यंत बघत राहत. वासरू असल्यापासून दोघांनी मिळून वाढवलेला हा बैल थोरल्याच्या वाट्याला गेला आणि केरबाने तोंड फिरवलं. आज मात्र तो भावाचे पाय धरून पोरासारखा रडत होता. निवृत्तीला भडभडून आलं. शिवाय वर जाताना बैल नेता येत नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं.

"केरबा," तो म्हणाला, "चांद्या तू ने."

सगळ्यांचे डोळे पाणावले. मग सगळे वाट बघत बसले. पण मरण काही येईना. छातीतली धडधड आली तशी हळूहळू उतरली, हातांना ऊब आली आणि निवृत्तीला कडकडून भूक लागली. त्याने भाकरी मागितली. साखराबाईने त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याला जिवंत राहिल्याची लाज वाटली.

माणसं पांगल्यावर त्याने बायकोपाशी हळूच बैलाचा विषय काढला.

"मरत्या माणसाचा शब्द हाय," धुरपताबाई म्हणाली. "मोडत न्हाईत."

"पण म्या मेलो कुठं?"

"त्यात शब्दाचा काय दोष?"

संध्याकाळी केरबाने दावं सोडलं आणि चांद्या भिंतीपलीकडे गेला. आता बोलणं बंद करायची पाळी निवृत्तीची होती.

धुरपताबाईने त्याला लातूरला सरकारी दवाखान्यात पाठवलं. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. पाट्या नव्या, रंग ओला, आणि कुठलं खातं कुठं बसतं हे खात्यालाही माहीत नव्हतं. दोन कचेऱ्यांत चुकून रांगा लावून झाल्यावर त्याला दवाखाना सापडला. तिथल्या डॉक्टरीणबाई, पंचशीला कांबळे, वयाने लहान पण नजरेने जरबेच्या होत्या. त्यांनी छातीला तारा लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली, रक्त तपासलं आणि तुमचं काळीज ठणठणीत आहे म्हणून सांगितलं.

"मंग मला मरण का दिसलं?"

"भीतीचा झटका होता, काका. वाटतं मरतोय, पण मरत नाही कुणी. चढतो तसा आपोआप उतरतो. पुन्हा आला तर पळू नका, त्याच्याशी भांडू नका. हा आलाय, हा जाईल, असं म्हणायचं. पाय जमिनीला टेकवायचे आणि बशीतल्या चहावर फुंकर मारतो तसा श्वास हळूहळू बाहेर सोडायचा. समोर दिसेल त्या वस्तूचं नाव घ्यायचं. सारखाच यायला लागला तर परत या, त्यावर इलाज आहे."

निवृत्तीने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं की झटकाच खोटा निघाला, तर त्यात दिलेला बैल परत मिळतो का?

"ते आमच्या खात्यात येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसरा झटका आला तो टँकरच्या रांगेत, भर गर्दीत. निवृत्ती घामाने डबडबला आणि ही बातमी त्याच्या आधी गावभर झाली. लोक मदतीला धावले, पण प्रत्येकाच्या मनात काहीतरी होतं. शेजारच्या शेतातल्या भुजंगला निवृत्तीच्या बांधावरची बाभळ हवी होती. साखराबाईची नजर फार दिवसांपासून त्याच्या घरातल्या तांब्याच्या घागरीवर होती. निवृत्तीने पाय जमिनीत रोवले. टँकर, घागर, भुजंग, बाभळ अशी नावं घेत तो नसलेल्या चहावर फुंकर मारत राहिला. बाभळीचं नाव ऐकून भुजंगला आशा वाटली होती, पण झटका उतरला आणि कुणालाच काही मिळालं नाही.

"लवकर बरा झालास," भुजंग नाराज होऊन म्हणाला.

वैशाख आला. केरबाच्या अंगणातली कडब्याची गंज संपली. एका दुपारी भिंतीपलीकडून घुसमटल्यासारखा आवाज आला. निवृत्तीला तो ओळखीचा होता. भांडण विसरून तो वळसा घालून धावला. केरबा गंजीच्या रिकाम्या जागेत बसला होता, घामाने भिजलेला, छातीला हात लावून.

"दादा, म्या चाललो," तो धापा टाकत म्हणाला. "चांद्याला तू ने. माझ्याजवळ उपाशी मरंल."

निवृत्तीच्या काळजात लख्ख ऊन पडलं. बैल परत! तोही मरत्या माणसाच्या शब्दाने, आणि तो शब्द मोडत नाहीत हे तर घरचंच शास्त्र. फक्त गप्प बसायचं होतं. साखराबाईला हाक मारली की साक्षही झाली असती. पण त्याने केरबाचा हात धरला आणि तो हात बर्फासारखा गार लागला. या भीतीत एकटं असणं काय असतं, हे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मरत न्हाईस तू," तो म्हणाला. "माझ्याकडं बघ. पाय टेकव. चहा गरम हाय असं समज अन् फुंकर मार. हळू. समोर काय दिसतंय?"

"चांद्या," केरबा कण्हला.

"दुसरं काहीतरी बघ," निवृत्ती घाईने म्हणाला.

दोघे भाऊ मग भर उन्हात बसून बराच वेळ फुंकर मारत राहिले. हळूहळू केरबाचा श्वास लांबला, हातात ऊब आली. त्याने तोंड पुसलं आणि ओशाळून विचारलं,

"दादा, मघाशी म्या काय म्हणलो?"

निवृत्तीने चांद्याकडे बघितलं. चांद्या डोळे मिटून रवंथ करत होता.

"काय न्हाई. गूळ मागत होतास. अन् कडब्याचं म्हणशील तर माझ्याकडं अजून हाय, उद्यापासून वैरण म्या टाकीन."

मागे कडी वाजली. वाटणीपासून बंद असलेलं मधलं दार उघडून धुरपताबाई उभी होती. ती तिथं केव्हापासून होती, कोण जाणे. तिने नवऱ्याकडे बघितलं, आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि केरबाच्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "मरत्या माणसाचा शब्द हाय."