जावयाचं ताट

"चहा निवायच्या आत लियाकतभाईंचा होकार घेऊन दाखवतो," गाडी पार्क करता करता विघ्नेश म्हणाला. "तुम्ही दोघी फक्त बसा, खा आणि बघा. मध्ये कुणी बोलायचं नाही."

"मी कधी बोलते?" प्रज्ञा म्हणाली.

मागच्या सीटवरून रिद्धीने मान वर न करता "ओके बाबा" म्हटलं. अबू धाबीपासून खोर फक्कानपर्यंत, डोंगरातले बोगदे धरून, बाबांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता ते तिला पाठ झालं होतं.

प्रकरण तसं गंभीर होतं. अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या मराठी मंडळाचा दिवाळी मेळावा तोंडावर आला होता आणि खाण्याची कमिटी यंदा विघ्नेश मोहितेच्या गळ्यात पडली होती, म्हणजे त्याने स्वतःच ती ओढून घेतली होती. मीटिंगमध्ये कुणीतरी लियाकतच्या हॉट डॉगची आठवण काढली. खोर फक्कानच्या बंदराजवळ चाळीसेक वर्षं एकाच गाळ्यात चाललेलं ते हॉटेल सगळ्यांना ठाऊक होतं, पण लियाकत पारकारांनी आपला तवा गावाबाहेर कधीच नेला नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक विचारायला गेले आणि पोटभर खाऊन, 'नाही' ऐकून परत आले.

"तो माणूस येणार नाही," असं राहुल देवस्थळी म्हणाला आणि तिथेच ठिणगी पडली. राहुल मंडळाचा सेक्रेटरी. गेल्या वर्षी कमिटी त्याच्याकडे होती आणि त्याने ऐन दिवाळीत लोकांना किन्वा सॅलड खायला घातलं होतं. विघ्नेशने बसल्या जागी ग्रुपवर टाकलं, "लियाकत येणार. कन्सिडर इट डन. यल्ला, लागा तयारीला!" आता होकार मिळाला नाही तर कमिटी राहुलकडे परत जाणार होती, आणि तिच्यामागोमाग सॅलडही येणार होतं.

हॉटेल म्हणजे एकच लांबट खोली होती. सनमायकाची टेबलं, फाटल्या जागी चिकटपट्टी लावलेली रेक्झिनची बाकं आणि दर्शनी भागात एक मोठा काळा तवा. बाहेर गाड्या येऊन हॉर्न वाजवत, आतला पोऱ्या पार्सल घेऊन धावे, काच वर होई आणि गाडी निघून जाई. तव्यामागे उंच, सडसडीत लियाकतभाई हातात चिमटा घेऊन उभे होते. चिकनचं सॉसेज मधोमध चिरून ते तव्यावर उताणं टाकत, लांबड्या पावात घालत, वर परतलेला कांदा आणि शेवटी ओल्या खोबऱ्याची हिरवीगार चटणी. ही चटणी हीच खरी गंमत होती. ती आतल्या स्वयंपाकघरात त्यांची बायको मरियमबी वाटत असे.

विघ्नेश खरेदी खात्यात नोकरीला होता. समोरच्याला आधी आपलंसं करायचं आणि मग मुद्द्यावर यायचं, ही त्याची पद्धत. तो स्वतः कऱ्हाडचा. पण लियाकतभाई दापोलीकडच्या हर्णैचे आहेत, हे त्याने आधीच काढून ठेवलं होतं.

"सलाम आलेकुम, चाचा! आम्ही पण तुमच्याकडचेच. हर्णैचे!"

चिमटा हवेत थांबला. "हर्णैचे? कुणाचे तुम्ही?"

विघ्नेश लग्नात हर्णैला एकदाच गेला होता आणि तेव्हाही त्याला बोट लागली होती. प्रज्ञा मदतीला धावली.

"मी हर्णैची, चाचा. मयेकर मास्तरांची मुलगी. हे आमचे मिस्टर."

"मयेकर मास्तरांची पोर?" लियाकतभाईंनी चिमटा खाली ठेवला, हे चाळीस वर्षांत फार वेळा झालं नसावं. "अगो बाय! माझा पोरगा ओवेस मास्तरांच्या हाताखाली मॅट्रिक झाला! म्हणजे हे..." त्यांनी विघ्नेशकडे असं पाहिलं की त्याला उगीचच शर्ट नीट करावासा वाटला. "हे आमच्या गावचे जावय झाले की! मरियम, ऐकलंस काय? मास्तरांचा जावय आलाय!"

आतला पाट्याचा आवाज थांबला. विघ्नेशने बायकोकडे डोळे मिचकावून पाहिलं. निम्मं काम झालं होतं.

पुढे बराच वेळ ती त्याची शेवटची विजयी नजर ठरली.

पहिला हॉट डॉग अप्रतिम होता. दुसरा लियाकतभाईंनी न विचारता वाढला आणि तोही अप्रतिम होता. विघ्नेशने ताटलीतली चटणी बोटाने निपटून चाटली, रुमालाने तोंड पुसलं आणि घसा साफ केला.

"चाचा, एक कामाचं बोलायचं होतं."

"बोलूया की. पण आधी खाऊन घ्या हो. ताटावर बसलेल्या माणसाशी कामाचा बोलायचा नाय, हा माझ्या बापाचा नियम." आणि बोलता बोलता त्यांनी रिकाम्या ताटलीत तिसरा ठेवला.

"झालं माझं खाऊन!"

"झाला कसा? ताट तर भरलेला आहे."

या तर्कात कुठे चूक काढायला जागा नव्हती. विघ्नेशने तिसरा संपवला, ताटली स्वच्छ केली आणि मान वर करेपर्यंत चौथा आला.

"विघ्नेश," प्रज्ञा हळूच म्हणाली, "ताटलीत तुकडा ठेव एक. आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढतातच. त्यात तू जावई. माझं बघ." तिच्या ताटलीत अंगठ्याएवढा तुकडा होता आणि लियाकतभाई तिच्याकडे फिरकलेही नव्हते. रिद्धीनेही आईचं बघून एक घास तसाच ठेवला होता आणि ती निवांत बाहेरच्या क्रेन मोजत बसली होती.

"ताटात टाकू?" विघ्नेशचा आवाज चढला. "आईने मला काय शिकवलंय माहितेय ना तुला?"

माहीत नसायला काय झालं. प्रभावतीबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, घरात ताटात शीत राहिलं तर ते झाकून ठेवलं जाई आणि पुढच्या जेवणाला आधी तेच समोर येई. एकदा राहिलेली कारल्याची फोड विघ्नेशने अशी तीन जेवणं पाहिली होती. तेव्हापासून आजतागायत त्याने ताटात काही टाकलं नव्हतं. कंपनीच्या पार्टीत शोभेसाठी ठेवलेली कोथिंबिरीची काडीसुद्धा तो खाऊन येई.

"मग मी जरा चाचींना भेटून येते," असं म्हणून प्रज्ञा उठली आणि आत गेली. निदान मध्ये बोलायला कुणी उरलं नाही, याचं विघ्नेशला बरंच वाटलं. त्याच्याकडे उपाय होता. इतकी वर्षं या देशात काढल्यावर इथल्या रीती त्याला तोंडपाठ होत्या. अरबी कॉफीचा कप हातात धरून हलवला की यजमान समजतो, बस झालं. मग कपाला जे लागू, ते ताटलीला का नाही? चौथा संपताच त्याने ताटली उचलली आणि ऐटीत डावी-उजवीकडे हलवली.

लियाकतभाईंचा चेहरा उजळला. "मरियम! जावयांना चटणी हवी आहे, चटणी!"

पाचव्यावर चटणी दुप्पट होती.

एव्हाना आजूबाजूच्यांना खेळ कळला होता. पलीकडच्या टेबलावर रोज संध्याकाळी येऊन बसणारे एक वयस्क अरब गृहस्थ आपली खुर्ची फिरवून समोर बसले. बंदरावर काम करणारे दोघे-तिघे पार्सल घ्यायचं सोडून दारात रेंगाळले. पाचवा संपला तेव्हा ते गृहस्थ "माशाल्ला!" म्हणाले. त्यांना वाटलं, हा माणूस काहीतरी सिद्ध करायला आला आहे. तसं पाहिलं तर ते खरंच होतं.

सहाव्याला विघ्नेशने पंगतीतली जुनी युक्ती काढली. शेवटचा घास तोंडात टाकताच दोन्ही हात पसरून तो ताटलीवर आडवा पडला. "बस, चाचा! खलास! हात जोडतो!"

"जोडा की," लियाकतभाई म्हणाले, कारण हात जोडायला ते ताटलीवरून उचलावे लागले असते. चिमट्यात सातवा धरून ते शेजारी शांत उभे राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती. बाहेर हॉर्न वाजत होते, दारातले लोक श्वास रोखून बघत होते. विघ्नेश ताटलीला मिठी मारून होता आणि त्याचं नाक टेबलाला टेकलं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर राहुलचं नाव होतं. हा फोन न उचलणं म्हणजे हार कबूल करणं. विघ्नेशने एक हात काढला, फोन कानाला लावला आणि आवाजात होता नव्हता तेवढा दम आणला.

"बोल राहुल!"

"काय, झालं का कन्फर्म?"

"ऑलमोस्ट. बोलणी चालू आहेत."

"मग आवाज असा का येतोय? दबल्यासारखा?"

"अरे, डीप डिस्कशन चालू आहे!" असं म्हणताना बाजू पटवायला त्याने दुसरा हातही हवेत फिरवला. टप असा आवाज झाला. सातवा आला होता.

"बाबा," रिद्धी कळवळून म्हणाली, "जस्ट लीव्ह वन बाइट!"

"नो!" बाबा म्हणाले, पण या वेळी आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

सातवा निम्मा झाला आणि विघ्नेश थांबला. पट्टा केव्हाच सैल करून झाला होता. कपाळावर घाम होता. समोर अर्धा हॉट डॉग चटणी मिरवत पडला होता. हा संपवला तर आठवा येणार, आणि आठवा संपवायला दुसरा कुणीतरी जावई आणावा लागणार. दुसरीकडे किन्वा सॅलड दिसत होतं, ग्रुपवर राहुलने टाकलेला हसरा चेहरा दिसत होता. आणि सगळ्यांच्या मागे, कऱ्हाडच्या स्वयंपाकघरात, प्रभावतीबाई हातात झाकणी घेऊन उभ्या होत्या.

"आई, माफ कर," तो पुटपुटला. त्याने तो अर्धा तुकडा ताटलीच्या कडेला सारला आणि हात मागे घेतला. त्याला खरोखर वाईट वाटलं. अन्नाला त्याने मनातल्या मनात नमस्कारही केला.

लियाकतभाईंनी ताटलीकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं आणि एक लांबलचक सुस्कारा सोडला. चिमटा ठेवून ते समोरच्या बाकावर मटकन बसले.

"अल्ला, वाचलो! अहो, रात्रीच्या गिऱ्हाइकांचा माल तव्यावर चढवला मी. मी म्हणतो, हा माणूस थांबतो की नाय? जावयाचा ताट रिकामा ठेवला, तर हर्णैला तोंड कसा दाखवायचा?"

"मग आता कामाचं बोलू?" विघ्नेशने क्षीणपणे विचारलं. बोलताना त्याला जपून श्वास घ्यावा लागत होता. "आमचा अबू धाबीला दिवाळी मेळावा आहे. तुम्ही तवा घेऊन याल का, हे विचारायला..."

"ते तर झाला."

"काय झालं?"

आतल्या दारातून प्रज्ञा आणि तिच्यामागून पदराला हात पुसत मरियमबी बाहेर आल्या. प्रज्ञाच्या हातात चटणीचा डबा होता आणि चेहऱ्यावर माहेरून निघतानाचं समाधान होतं.

"चाची येतायत," ती म्हणाली. "आदल्या दिवशीच येणार. आपल्याकडे राहणार. रिद्धीच्या खोलीतून समुद्र दिसतो म्हटलं, तर म्हणाल्या, मग मी दोन दिवस राहीन."

"पण चाचा तर कुणालाच हो म्हणत नाहीत!"

"सगळे ह्यांनाच विचारतात," मरियमबी म्हणाल्या. "एवढी वर्षं मोठेमोठे सूट घालून येतात, ह्यांच्याशी बोलतात नि जातात. चटणी माझी. माझ्याशिवाय हे काय नुसता पाव घेऊन जातील? मला कधी कुणी विचारलाच नाय. आज ह्या पोरीने पाट्याजवळ बसून विचारलान, 'चाची, तुम्ही याल का?' मी म्हटला, येते."

"ती हो म्हणाली म्हणजे खलास," लियाकतभाई म्हणाले. "तुमचा पाचवा चालू होता तेव्हाच तिने आतून सांगितलान मला."

"पाचवा?" विघ्नेश ओरडला. "मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही खात होतात ना! ताटावर बसलेल्या माणसाशी कामाचा..."

"...बोलायचा नाय," विघ्नेशने वाक्य पुरं केलं.

पण हा माणूस फार वेळ पडेल चेहऱ्याने बसणाऱ्यांतला नव्हता. होकार कुणी मिळवला आणि कुणी खाल्ला, हा घरातला प्रश्न होता. ग्रुपला त्याच्याशी काय करायचंय? त्याने फोन काढला आणि टाइप केलं, "डन. ॲज प्रॉमिस्ड. लियाकत हॉट डॉग, चटणीसकट." पाठोपाठ राहुलचा अंगठा आला, एकच आणि बराच उशिराने. विघ्नेशची छाती पुन्हा भरून आली. पोट आधीच भरलेलं होतं.

"बघितलंस?" तो प्रज्ञाला म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? आधी आपलंसं करायचं, मग मुद्द्यावर यायचं. चला, निघू या. अंधाराच्या आत बोगदे पार करू."

सगळे उठले. लियाकतभाईंनी जावयाला मिठी मारली, तीही जपून. मरियमबींनी रिद्धीच्या गालावरून हात फिरवला. विजयाच्या त्या भरात विघ्नेशची नजर सहज टेबलाकडे गेली. प्रज्ञाच्या ताटलीत तो अंगठ्याएवढा तुकडा अजून तसाच पडलेला होता.

"काय गं, टाकतेस असं?" म्हणत त्याच्या हाताने पोटाला न विचारता तो उचलला आणि तोंडात टाकला.

रिद्धीने झटकन आपली ताटली ओढून पाठीमागे लपवली. प्रज्ञाने डोळे मिटून घेतले. दारात निघता निघता थबकलेले अरब गृहस्थ परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"मरियम!" लियाकतभाईंनी चिमटा उचलला होता. "माहेरवाशिणीचा ताट रिकामा!"

टप असा आवाज झाला. प्रज्ञाने त्या गरमागरम हॉट डॉगकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ताटली शांतपणे त्याच्यासमोर सरकवली.

"माझं पोट भरलंय," ती म्हणाली. "तू बस खाली."