पंधरा सेकंदांचा उजेड

आमचे शेजारी अण्णा घरात आले की आधी खुर्चीवर बोटाने टकटक करतात. "साग. भोकं बेताचीच पडतील," असा निकाल दिल्याशिवाय बसतच नाहीत.

अण्णांची सारी नोकरी इथे बंगळुरात, सरकारी कारखान्यात, इंजिनिअर म्हणून झाली. निवृत्तीनंतर लोक कुंड्या लावतात. हे लाकडाचा कोळसा करतात. साधासुधा नव्हे, वीज साठवणारा! पीण्याच्या कारखानावस्तीत मित्राच्या भट्टीत बंद डब्यात लाकूड भाजायचं, मग तोच कोळसा वाफ सोडून पुन्हा तापवायचा, म्हणजे त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात. "वीज तिथं जाऊन बसते. सगळा खेळ भोकांचा बघ!" माझा पोळपाट त्यांनी दोनदा मागितला. दोन्ही वेळा मी लाटणं दाखवलं.

कोळसा धुवायला अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, चहाची गाळणी! पूर्वी अक्का त्यावरून घर डोक्यावर घ्यायच्या. आता त्यांना काही आठवत नाही. नवऱ्यालाच "डॉक्टर, बसा की" म्हणतात.

"एवढा उपद्‌व्याप कशाला हो?" मी एकदा वैतागून विचारलंच.

"लाइट गेली की जनरेटर लागायला पंधरा सेकंद जातात. अंधाराला घाबरते गं ती. 'अहो, अहो' करून ओरडते. तेवढ्यापुरता दिवा हवा."

"मग दुकानातून आणा ना!"

"आणले. बॅटऱ्या फुगल्या. आता माझ्या हातचाच. स्वल्प थांब."

आंबा झाला, फणस झाला, बाभूळ झाली. शेवटी लग्नात स्वतः बसलेला पाट त्यांनी भट्टीत घातला. अक्कांचा तेवढा ठेवला.

गेल्या मंगळवारी दिवा बसवून अण्णा आमच्याकडे कॉफी प्यायला आले आणि लाइट गेली. समोरच्या त्यांच्या उघड्या दारातून लख्ख उजेड! जनरेटर लागला. हाक काही आली नाही.

"अण्णा, जमलं की!" मी टाळ्याच पिटल्या.

ते दाराकडे कान लावून बसले होते. "जमलं. ओरडली नाही," म्हणाले. मग कपात बघत, "दिवसभर मी डॉक्टर असतो गं. त्या पंधरा सेकंदांतच काय तो 'अहो' व्हायचो."

"मग काढून टाका तो दिवा," मी वेड्यासारखं बोलून गेले.

"छे छे! घाबरते ती." त्यांनी कप खाली ठेवला. "सरी, ठरलं तर, आता बाथरूममध्येही एक लावतो. तुझा पोळपाट देतेस?"

मी लगेच काढून दिला.