याकोब मास्तर आणि आतला आवाज

जबलपूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी साक्षीची सभा भरायची. ज्याला देवाचा काही अनुभव आला असेल त्यानं उठावं, सांगावं आणि सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणावं, अशी पद्धत. याकोब मास्तर मात्र आमेनच्या आधीच शेवटच्या बाकावरून विचारायचे, ‘‘अध्याय? वचन?’’ म्हणजे, बायबलात हे कुठं लिहिलं आहे ते दाखवा.

झालं. सांगणारा बिचारा खाली बसायचा.

ही मध्यप्रांताच्या काळातली गोष्ट. मास्तर दीक्षितपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवत आणि जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. रूथबाईंची हरवलेली शेळी प्रार्थनेनंतर दारात येऊन उभी राहिली, तेव्हा अख्खी सभा गहिवरली. मास्तर म्हणाले, ‘‘शेळी आली, चांगलं झालं. पण त्यातून धर्म काहून काढून राहिल्या, बाई? नसती आली तर देव नाही म्हटलं असतं का?’’ पाळकसाहेब एकदा म्हणाले, ‘‘मला आतून वाटतं.’’ मास्तर म्हणाले, ‘‘आतून तर भूकही वाटते, साहेब.’’ कमानिया गेटापाशी कापडवाला म्हणाला, ‘‘भैया, रंग नहीं जाएगा, मेरा दिल कहता है.’’ तर ‘‘दिल को छोड़ो, लिखकर दो’’ म्हणून हे भर बाजारात अडून बसले! मी त्यांची नक्कल फार छान करायचो. आज त्याची लाज वाटते.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. एका मंगळवारी अमरावतीहून धाकट्या भावाची तार आली: आई आजारी, ताबडतोब ये. मी रजेचा अर्ज लिहिला, मग गुडघे टेकून खूप रडलो आणि एकाएकी मनात अशी गाढ शांती आली, की आई बरी होणार याची खात्रीच पटली. अर्ज फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी सभेत तशी साक्षही दिली. बायकांनी डोळे पुसले. मागून प्रश्न आलाच, पण त्या दिवशी आवाज फार हळू होता. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी सकाळी मास्तर दारात उभे. हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या, स्वतः थापलेल्या.

‘‘मनोहर, इटारसीची गाडी आहे. चाल, मी स्टेशनावर येतो.’’

‘‘मास्तर, मला देवानं सांगितलंय. आई बरी होणार आहे.’’

‘‘आईबापाचा मान राख, हे देवानं सांगितलं. ते लिहिलं आहे. तुझी आई बरी होईल, हे कुठं लिहिलं? तुला बरं वाटून राहिलं, तेवढंच. जा बाबू, हात जोडतो.’’

मी म्हणालो, ‘‘तुमच्याजवळ नुसतं पुस्तक आहे, मास्तर. देव नाही.’’

 मास्तरांनी दशम्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि ते शाळेत गेले.

शनिवारी दुसरी तार आली. मी पोचलो तेव्हा आईचं दफन उरकलं होतं. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती, असं भाऊ म्हणाला. माझ्याकडे न बघताच म्हणाला.

परत आलो तेव्हा वाटलं, आता मास्तर चांगले टोचणार. ते आले आणि माझ्याजवळ सतरंजीवर बसले. म्हणाले, ‘‘माझी लेक होती, एस्तर. सात वर्षांची. ताप उतरत नव्हता. तिची आई म्हणे, दवाखान्यात नेऊ. मला अशीच शांती वाटली होती. मी म्हटलं, देवानं सांगितलं, काही होत नाही.’’

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्यांना घरच्या माणसांबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं.

‘‘मास्तर,’’ मी म्हणालो, ‘‘आईनं मला माफ केलं असेल?’’

ते नुसतं ‘हो’ म्हणाले असते, तरी मला पुरलं असतं.

‘‘देव माफ करतो, ते लिहिलं आहे. पानं दाखवतो तुला,’’ मास्तर म्हणाले. ‘‘एस्तरनं मला माफ केलं का, ते एकोणीस वर्षं शोधून राहिलो.’’