गॅस न पेटवता केलेला चॉकलेट रोल

"आज तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस," असं नवऱ्याने जाहीर केलं आणि बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशीच बसल्या.

बाई शाळेत गणित शिकवत. नवरा इमारतींचे नकाशे काढी. संध्याकाळी नणंद आणि नंदावे चहाला यायचे होते, आणि वहिनीच्या हातच्या पाण्यातही खोट काढणारी अशी ती नणंद!

"चॉकलेट रोल मी करतो. गॅस नको, ओव्हन नको. बिस्किटं चुरायची, लोणी-कोको कालवायचं, वळकटी करून फ्रीजमध्ये ठेवायची. यात चुकणार काय?"

"मिक्सरचं झाकण बसलंय का, अहो?"

"मी बारा मजली इमारती उभ्या करतो. मला झाकण शिकवू नकोस."

पुढच्याच क्षणी झाकण छताला भेटून आलं. बिस्किटांचा भुगा भिंतीवर, पंख्यावर आणि बाईंनी तपासायला घेतलेल्या पेपरांवर पसरला.

उरलेल्या भुग्याचा रोल झाला. पण नवऱ्याला धीर कुठला? घटकेघटकेला फ्रीज उघडून तो रोल बोटाने दाबून पाही.

"दार सारखं उघडलंत तर तो जन्मात घट्ट होणार नाही."

"प्रगती बघतोय."

शेवटी वैतागून त्याने रोल गुपचूप बर्फाच्या कप्प्यात कोंबला. पाहुणे आले तेव्हा त्यात सुरी शिरेना. मग माळ्यावरून करवत उतरली.

"धुतलीय," तो बाईंच्या कानात म्हणाला.

नंदाव्यांनी पहिला तुकडा चावला. कट्कन आवाज झाला आणि दाढेवर बसवलेली टोपी त्यांच्या तळहातावर आली.

"वहिनी," नणंद म्हणाली, "नवीन काही करायचं तर आधी एकदा करून बघावं गं."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीचा कोन काटकोन आहे का ते निरखत होता.

नंदावे चुळा भरून आले, दातांच्या डॉक्टरांना फोन झाला, उद्याची वेळ मिळाली. तोवर बशीतले तुकडे मऊ पडले होते. बोलता बोलता नणंदेने एक तोंडात टाकला. मग दुसरा. मग बशीच जवळ ओढली.

"हे तर फारच छान लागतंय की."

"मी केलंय," नवरा ताबडतोब म्हणाला. "हिला मी आत फिरकूसुद्धा दिलं नाही."

"तरीच. शिकून घे हं वहिनी, दादाकडून."

बाई उठून आत गेल्या. ओट्यावर लोणी माखलेल्या भांड्यांचा डोंगर होता. तो कसा घासायचा, हे शिकवायला मात्र कोणी आलं नाही.